पट्टी लावाल, पण ब्राइटनेसचं काय?

जुन्या एलसीडी मॉनिटरच्या पडद्यामागे उजेड देणाऱ्या, म्हणजे बॅकलाइटच्या, ट्यूब काढून एलईडी पट्टी थेट १२ व्होल्टला जोडली की झालं, असा एक सल्ला असतो. उजेड पडेल हो, पण मॉनिटर स्टँडबायला गेला तरी पट्टी पेटलेलीच राहील आणि ब्राइटनेसचं बटण नावापुरतं उरेल. त्यापेक्षा छोटा एलईडी ड्रायव्हर बोर्ड घ्या, म्हणजे पट्टीला वीज देऊन तिचा उजेड कमी-जास्त करणारं सर्किट. मॉनिटरमधल्या, ट्यूबना वीज देणाऱ्या इन्व्हर्टरच्या कनेक्टरवर सप्लाय आणि ग्राउंडखेरीज सहसा दोन सिग्नल असतात: एक बॅकलाइट चालू-बंद करणारा, दुसरा ब्राइटनेसचा. तेच ड्रायव्हरला द्यायचे. कुठली पिन कशाची, ते मल्टिमीटरने मोजूनच ठरवा. वायरींच्या रंगावर विसंबून मी एक ड्रायव्हर जाळलाय.

इन्व्हर्टर मात्र काढूनच टाका, तो शेकड्यांनी व्होल्ट तयार करतो. ट्यूब काडीसारख्या नाजूक, आत पारा, ओढाताण नको.

पट्टी ट्यूबच्या जागच्या पन्हळीत सरळ हवी, एलईडीचं तोंड पडद्यामागच्या ॲक्रिलिकच्या तक्त्याच्या कडेकडे. जरा तिरकी बसली की तिथे काळपट पट्टा दिसतो. डिफ्यूझरच्या (उजेड एकसारखा पसरवणाऱ्या) शीट काढताना क्रमाचा फोटो घ्या, आणि पंखा बंद ठेवा. माझ्या मॉनिटरमध्ये एक केस अडकलाय, पांढरं पान उघडलं की हमखास दर्शन देतो.