शब्दचर्चा: 'फोक आर्ट', 'प्रिमिटिव्ह' आणि जुन्या अमेरिकी घरातल्या वस्तूंची मराठी नावं

लँकेस्टरकर

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात राहते. शेतघरांवरचे लिलाव आणि जुन्या वस्तूंचे बाजार यांचा मला मनापासून नाद आहे. संग्रह लहानच आहे: कणीक मळायची झिजलेली लाकडी परात, लोण्यावर उमटवायचे छाप, निळ्या नक्षीची दगडी बरणी, ट्यूलिपची फुलं रंगवलेली एक पेटी, एक गोधडी. त्यांची नोंदवही मराठीत लिहायला घेतली आहे, कारण या वस्तू पुढे ज्यांच्याकडे जातील त्या माझ्या भाच्या मराठी वाचतात. वर्णन सहज होतं, अडतं ते नावांपाशी. 'फोक आर्ट'ला लोककला म्हणावं का? विक्रेते ज्याला 'प्रिमिटिव्ह' म्हणतात ते मराठीत काय? वस्तूच्या जुन्या पृष्ठभागाला, ज्यावर तिची निम्मी किंमत ठरते, आपल्याकडे शब्द आहे का?

एक खुलासा आधीच करते. इथले 'पेनसिल्व्हेनिया डच' हे हॉलंडचे नव्हेत, मुख्यतः अठराव्या शतकात आलेले जर्मनभाषक आहेत, जुन्या इंग्रजीत जर्मनांनाही डच म्हणत. तेव्हा कृपया 'वलंदेज' नको.

जुनाबाजार

तुम्ही विचारलेलं नाही, पण 'अँटिक'पासून सुरुवात करू. 'पुरावस्तू' हा शब्द वापरताना जपा, त्याला कायद्याचा अर्थ आहे. भारताच्या १९७२ च्या कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांना वगैरे ही अट पंचाहत्तर वर्षांची आहे. अमेरिकेत १९३० च्या जकात कायद्याने १८३० ही सीमा धरली होती, म्हणजे यंत्रयुग घराघरांत शिरण्याआधीचं तेवढंच अँटिक. पुढे तिथेही शंभर वर्षांची फिरती अट आली. तुमच्या नोंदवहीत 'जुनी वस्तू' आणि पुढे अंदाजे काळ एवढं पुरेसं आहे. 'जुनाट' मात्र टाळा, त्यात टाकाऊपणा येतो. बोली मराठीत 'अँटिक पीस' इतका रुळलाय की तो लिहायलाही माझी हरकत नाही.

भारूड

'लोककला' या शब्दाचा पेच खरा आहे. मराठी माणसाला लोककला म्हटलं की गोंधळ, लावणी, दशावतार, पोवाडा आठवतो, म्हणजे सादर होणारी कला. बरणी किंवा पेटी डोळ्यांपुढे येत नाही. 'लोककलांचा संग्रह' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, तुम्ही ध्वनिफिती जमवताय.

अमेरिकेतही हे नाव वस्तूंबरोबर आलेलं नाही, ते संग्राहकांनी नंतर दिलं. पेटी रंगवणाऱ्याने पेटी रंगवली, कला म्हणून तिच्याकडे पाहिलं गेलं ते विसाव्या शतकात. आधुनिक चित्रकारांना या वस्तूंतली सपाट रंगांची, मोजक्या रेषांची ताकद दिसली, आणि १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात होल्गर केहिल यांनी 'सामान्य माणसाची कला' म्हणून त्यांचं प्रदर्शन मांडलं. इलेक्ट्रा हॅवमायर वेब यांनी तर विशीच्या आतच तंबाखूच्या दुकानापुढचा लाकडी पुतळा विकत घेतला होता. घरी युरोपातली मोठमोठी चित्रं असलेल्या कुटुंबातली ही मुलगी. तिने पुढे १९४७ मध्ये व्हरमाँटला शेलबर्न संग्रहालय उभं केलं.

'लोकहस्तकला' पुस्तकी वाटतो आणि सगळीकडे खराही नाही. छपरांवरचे वाऱ्याची दिशा दाखवणारे तांब्याचे घोडे-कोंबडे घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातले बरेच कारखान्यांत बनत. तांब्याचा पत्रा लोखंडी साच्यात ठोकून दोन अर्धी अंगं जोडायची आणि सूचीपत्रातून विकायची. हात होतेच, पण एका गावकऱ्याची एकुलती एक निर्मिती नव्हती ती.

माझं मत, 'लोककारागिरी' म्हणा. कारागिरीत वापराची वस्तू येते आणि बनवणाऱ्याचं कसबही येतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे पाहताना आपण 'काय कारागिरी आहे!' असंच म्हणतो, 'काय लोककला आहे!' असं कुणाच्या तोंडून निघत नाही.

लँकेस्टरकर

लोककारागिरी आवडला, तोच घेते. त्या वाऱ्याच्या घोड्याला काय म्हणायचं? कोशात 'वातकुक्कुट' सापडला.

भारूड

कोंबडा असेल तर चालेल. पण बॉस्टनच्या फॅन्युएल हॉलवर १७४२ पासून तांब्याचा सोनेरी नाकतोडा आहे, शेम ड्राऊन यांनी घडवलेला. त्याला कुक्कुट कसं म्हणणार? 'वाऱ्याचा घोडा', 'वाऱ्याचा नाकतोडा' असं लिहा, एकदा खुलासा केला की पुढे कळतं.

गिरणगाव

'प्रिमिटिव्ह'साठी 'आदिम' अजिबात नको. तो शब्द आपण माणसांच्या समाजांबद्दल वापरत आलो आणि त्यातून पुष्कळ अन्याय झाला. विक्रेते प्रिमिटिव्ह म्हणतात तेव्हा त्यांना एवढंच म्हणायचं असतं की वस्तू शहरातल्या नामांकित सुताराची नाही, शेतावरच्या किंवा गावातल्या माणसाने हाताशी होतं त्या लाकडातून केलेली आहे. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, 'गावठी'.

सुईदोरा

गावठी म्हणजे हिणवणं नाही का? माझ्या आईला शाळेत गावठी बोलते म्हणून ऐकून घ्यावं लागलं होतं.

गिरणगाव

ताई, ते खरंच आहे. पण तोच शब्द गावठी अंडी, गावठी तूप, गावठी कोथिंबीर म्हणताना वाढीव भावाचा होतो. शंभर वर्षांत 'प्रिमिटिव्ह'चंही तसंच झालं. १९३० मध्ये नेवार्क संग्रहालयाने अशिक्षित हातांच्या चित्रांचं प्रदर्शन त्याच नावाने भरवलं होतं. आज संग्रहालयं हा शब्द टाळतात, बाजारात मात्र स्वयंपाकघरातल्या लाकडी वस्तूंसाठी तो अजून कौतुकाने वापरतात. दोन्ही भाषांत हिणवणं आणि कौतुक एकाच शब्दात राहतं, म्हणून मला तो चपखल वाटतो.

सुईदोरा

वस्तूला म्हणा, बनवणाऱ्याला नको. 'गावठी बाक' चालेल, 'गावठी चित्रकार' नाही.

गिरणगाव

मान्य. त्या फिरत्या चित्रकारांना 'चितारी' म्हणावं. सावंतवाडी आणि गोव्याकडे पाट-चौरंग रंगवणारे चितारी आहेतच. ॲमी फिलिप्ससारखे अमेरिकी चित्रकार गावोगाव फिरून कुटुंबांची चित्रं करत. एडवर्ड हिक्स तर घोडागाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला शिकले होते. सिंह आणि कोकरू एकत्र बसलेल्या एकाच विषयाची त्यांनी साठच्या वर चित्रं केली.

सुईदोरा

आता गोधडीबद्दल मला सविस्तर बोलायचंय. इंग्रजी 'क्विल्ट'ला सरसकट गोधडी म्हणू नये आणि सरसकट रजईही म्हणू नये. आधी ती कशी बनलीय ते पाहावं.

अमेरिकी क्विल्ट तीन थरांची. वर तुकडे जोडून केलेला दर्शनी पदर, मध्ये पिंजलेला कापूस, खाली अस्तर, आणि तिन्ही धरून ठेवणारे टाके. मधल्या कापसामुळे ती आपल्या रजईजवळ जाते. आपल्या गोधडीत बहुधा वेगळा कापूस नसतो. जुनी लुगडी-धोतरंच थरावर थर घालून धावदोऱ्याने शिवतात, कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात. तरी मी रजई म्हणणार नाही, कारण रजईत तुकडे जोडण्याचं काम नसतं, आणि क्विल्टचा जीव तिथेच आहे.

सगळ्या क्विल्ट जुन्या कपड्यांच्या नसतात, हेही लिहा. १८४० ते १८६० च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये झालेल्या 'अल्बम' क्विल्ट खास विकत आणलेल्या कापडाच्या होत्या. प्रत्येक चौकोनात कापून शिवलेली फुलांची परडी किंवा हार, कित्येकदा प्रत्येक चौकोन वेगळ्या बाईचा आणि त्यावर तिची सही. त्यांना गोधडी म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात चुकीचं चित्र उभं राहतं. तिथे 'नक्षीची दुलई' म्हणेन.

उलट अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांचं काम अस्सल गोधडीच आहे. अलाबामा नदीच्या वळणातलं हे काळ्या कुटुंबांचं गाव, पूर्वज तिथल्याच मळ्यावर गुलामीत होते. शेतात झिजलेल्या विजारी आणि सदरे फाडून त्यांनी गोधड्या केल्या. गुडघ्यावरचं विटलेलं डेनिम आणि खिसा उसवल्यावर उरलेला गडद चौकोन तसाच दिसतो. अंगावर घ्यायला केलेल्या या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. त्याच व्हिटनीत १९७१ मध्ये अमेरिकी गोधड्यांचं पहिलं गाजलेलं प्रदर्शन झालं होतं, तेव्हा त्यांची तुलना अमूर्त चित्रांशी झाली. कौतुक होतं, पण बहुतेक गोधड्यांच्या बायकांची नावं हरवलेली होती. जीज बेंडच्या वेळी नावं लागली. तुमच्या नोंदवहीत बनवणारीचं नाव कळत असेल तर ते सर्वांत वर लिहा, नक्षीचं नाव त्याखाली.

लँकेस्टरकर

माझ्या गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने दोन अक्षरं आहेत. ती आता पहिल्या ओळीत जातील.

आवा

मी कुंभारकामाचं शिक्षण घेतलंय, म्हणून मातीच्या भांड्यांबद्दल. लाल मातीचं, कमी आचेवर भाजलेलं, शिशाचा काच, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, चढवलेलं भांडं आणि तुमची दगडी बरणी यांना एकच शब्द नको. पहिल्याला 'लाल मातीचं भांडं' म्हणा आणि त्यात आंबट पदार्थ ठेवू नका, शिसं उतरतं. दगडी बरणीची माती वेगळी, भट्टी सुमारे बाराशे अंशांच्या वर जाते. ऐन आचेत मीठ टाकतात, त्याची वाफ मातीवर बसून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत काच तयार होतो. निळी नक्षी कोबाल्टची. आपली लोणच्याची बरणी या कुळातली आहे, म्हणून 'बरणी' अगदी बरोबर.

मोठ्या भांड्यांना मात्र 'रांजण' म्हणा. साउथ कॅरोलायनातल्या एजफिल्डच्या डेव्हिड ड्रेक यांची भांडी पाहिलीत तर दुसरा शब्द सुचणार नाही. एकेक रांजण दीडशे लिटरच्या घरात जाणारा. तिथे मीठ नव्हे, राखेचा काच. ड्रेक गुलामीत ठेवलेले कुंभार होते. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं त्या राज्यात १८३४ च्या कायद्याने गुन्हा होता, तरी ते ओल्या मातीवर आपलं नाव, तारीख आणि दोन ओळींची कवनं कोरत. १८५७ च्या एका रांजणावर त्यांनी विचारलंय की आपले सगळे नातलग कुठे असतील. माणसं विकली जात, कुटुंबं फुटत, त्या काळातला हा प्रश्न. २०२१ मध्ये त्यांचा एक रांजण लिलावात पंधरा लाख डॉलरच्या वर गेला.

शब्दाबद्दल एक विनंती. 'गुलाम कुंभार' लिहू नका, 'गुलामीत ठेवलेला कुंभार' लिहा. तो कुंभार होता, गुलामी त्याच्यावर लादलेली होती.

जुनाबाजार

ट्यूलिपच्या पेटीच्या झाकणाला आतून काही कागद चिकटवलाय का? तुमच्या भागात जन्म-बाप्तिस्म्याचे रंगीत दाखले असे पेटीत जपत. त्यांना 'फ्राक्टुर' म्हणतात, बरेचसे शाळामास्तरांनी काढलेले. त्यातल्या कित्येकांत मुलाची रासही लिहिलेली असते, त्यामुळे 'जन्मपत्रिका' म्हणायचा मोह होईल. पण त्यात कुंडली नसते, तेव्हा 'चितारलेला जन्मदाखला' बरा.

कासारआळी

शेवटी तुमचा तिसरा प्रश्न, जुना पृष्ठभाग. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या भांडी विकली गेली, त्यामुळे मला आधी आठवतं ते 'कळकणं', पण तो दोष आहे. पितळ चिंच-मिठाने लख्ख करायचं, हेच आपल्या घरात चांगलं मानलं. अमेरिकी संग्राहक याच्या अगदी उलट वागतो. छपरावरच्या तांब्याच्या घोड्यावर आलेली हिरवी छटा आणि मध्ये मध्ये उरलेला सोन्याचा मुलामा हेच त्याला हवं असतं. ते घासून काढलं की किंमत कोसळते. लाकडाचंही तेच. विसाव्या शतकात किती तरी रंगीत कपाटं खरवडून पांढरं पाइनचं लाकूड उघडं केलं गेलं. मूळ निळा रंग गेला तो गेलाच.

यासाठी मला 'रापलेला' हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. उन्हातान्हात काम करून चेहरा रापतो, तसं लाकूड आणि धातूही रापतात. 'मूळ रंग, रापलेला' एवढ्या तीन शब्दांत विक्रेत्याचं लांबलचक वाक्य येतं. हाताळून गुळगुळीत झालेल्या जागी, परातीच्या कडेला वगैरे, 'तुकतुकी' म्हणा. आणि तुमची ती लाकडी परात म्हणजे आपली काठवट, तसंच लिहा.

लँकेस्टरकर

काठवट! आजीच्या तोंडचा शब्द. आता एकच राहिलं. खालचा भाग एका कपाटाचा, वरचा दुसऱ्याचा, असं जोडून विकतात त्याला इथे 'मॅरिड' म्हणतात. 'कलमी कपाट' म्हणू का?

कासारआळी

नको, कलमाने आंब्याची प्रत वाढते, इथे कपाटाची घटते. 'जोडकपाट' म्हणा आणि पुढे कंसात 'दोन वेगळ्या कपाटांचं' असा उल्लेख करा. घेण्याआधी कपाट भिंतीपासून ओढून मागच्या फळ्या पाहा. वरच्या आणि खालच्या फळ्यांची रुंदी, करवतीच्या खुणा आणि लाकडाचा राप वेगवेगळा असेल तर ते जोडकपाट असण्याचीच शक्यता जास्त. खणांच्या कोपऱ्यांचे सांधेही ताडून बघा, एका सुताराची पद्धत सगळ्या खणांत सारखी असते.