खान्देशकरांनो, अवघड इंग्रजी शब्द जिभेवर कसे बसवले?

जळगाव-धुळे-नंदुरबारच्या मंडळींसाठी हा धागा. मराठी शाळांत 2000 पासून पहिलीलाच इंग्रजी आलं, त्याआधीच्यांना पाचवीत एबीसीडी भेटली, पण दोन्ही पिढ्यांकडून स्पेलिंग घोटून घेतलं, शब्द तोंडाने म्हणायचा कसा ते फार कमी ठिकाणी शिकवलं. म्हणून विचारतोय. नुसतं 'यूट्यूब बघा' नको, कोणता शब्द, कसा सराव, ते लिहा. माझं सांगतो, मी आधी ऐकून शब्द देवनागरीत वहीत लिहितो आणि मगच स्पेलिंग बघतो. कारण स्पेलिंग फसवतं. डेट म्हणजे कर्ज, हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हताच, पुढे लॅटिन मूळ दाखवायला विद्वानांनी तो लिहिण्यात घातला, बोलण्यात कधी आलाच नाही. रिसीटमधल्या पीचं तसंच.

रावेर, केळीची बाग
आमचा माल आखातात जायला लागला तेव्हापासून फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालाला कीड-रोग नाही असा दाखला, हा शब्द रोज फोनवर. लेकीने शिकवलं की शब्द शेवटून बांधायचा. टरी. सॅनिटरी. टोसॅनिटरी. मग पूर्ण. पुढून सुरू केलं की मधेच दम तुटतो, शेवटून गेलं की दर वेळी ओळखीच्या तुकड्यावर येऊन थांबतो. बागेत ठिबकचे वॉल खोलता खोलता म्हणायचो, मोठ्याने, मनातल्या मनात म्हणून काही होत नाही भो.

धुळे, स्टाफ नर्स
इंग्लंडला जायचंय म्हणून ओईटीची, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी चालू आहे. बोलण्याच्या परीक्षेत दोन रोलप्ले असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटं, पेशंटशी बोलल्यासारखे. न्यूमोनियातला पी मुका, हे वॉर्डात सगळ्यांना येतं कारण तो शब्द कानाने आला. अस्थमा मात्र वाचून आला, तिकडे तो ॲस्मा, अमेरिकेत ॲझ्मा, टीएच कोणीच बोलत नाही. आणि कम्फर्टेबल! पेशंटला सारखा विचारायचा शब्द, आपण चार तुकडे करतो, तिकडे बहुतेकदा तीनच ऐकू येतात, कम्फ्-ट-बल. मैत्रीण आणि मी नाइट ड्युटीनंतर एकमेकींचं रेकॉर्ड करतो आणि दुसऱ्या दिवशी ऐकतो. लगेच ऐकलं तर चूक कानाला लागत नाही.

चोपडा तालुका, झेडपी शाळा
माझी पोरं घरी केयी, डोया म्हणतात आणि वर्गात केळी, डोळा. म्हणजे एका तोंडात दोन उच्चार ठेवणं त्यांना येतंच, गावठी म्हणून कोणी गप्प केलं नाही तर तिसरा उच्चारही ती आनंदाने घेतात, आणि याबाबतीत मी फार ठाम आहे, घरच्या बोलीला हसणाऱ्या वर्गात कोणतीच भाषा नीट येत नाही. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरायला लावते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या पी, टी, के सोबत हवा सुटते, आपला प कोरडा, म्हणून तिकडच्या कानाला पॅकचा बॅक ऐकू येऊ शकतो. पेन म्हटलं की पट्टी हलली पाहिजे, स्पिन म्हटलं की नाही, कारण एसच्या मागून आलेल्या पीला ती हवा नसते. व्ही-डब्ल्यूला आरसा लागतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठ गोल आणि दात लांब. व्हेस्ट, वेस्ट, व्हेस्ट, वेस्ट, सगळा वर्ग एका सुरात.

शिरपूर, इंजिनीअरिंग शेवटचं वर्ष
ताई, पट्टी मस्त, आजच करतो. मी जोरावर काम करतोय. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना जवळपास सारखं वजन देतो, इंग्रजीत एकावर जोर आणि बाकीची दबून जातात. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्यावर, फटॉग्रफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्रॅफिकमध्ये तिसऱ्यावर. डिव्हेलपमेंटमध्ये व्हेवर. डिक्शनरीत जोराच्या अक्षराआधी वरती बारीक उभी रेघ असते, ती बघायची आणि तिथेच टाळी वाजवायची. होस्टेलवर रूममेटही टाळ्या वाजवतो आता.

भुसावळ
शेड्यूल की स्केड्यूल, यावरून आमच्या घरी रोज वाद. कोणतं धरायचं?

धुळे, स्टाफ नर्स
दोन्ही बरोबर दादा. शेड्यूल ब्रिटिश, स्केड्यूल अमेरिकन. ज्यांच्याशी बोलायचंय त्यांचं धरा.