मदत हवी आहे: बाबांचं घरचं बीपी डॉक्टरांपर्यंत पोचवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. बीपी जुनंच, आता किडनीचा आजारही तिसऱ्या टप्प्यात आहे, क्रिएटिनिन १.८ च्या आसपास. सकाळी टेल्मिसार्टन, रात्री अम्लोडिपिन. आई-बाबा चिपळूणला, किडनीचे डॉक्टर कोल्हापूरला आणि मी बंगळुरूला. तीन महिन्यांतून एकदा कुंभार्ली घाट चढून दाखवायला जायचं, एरवी सगळं फोनवर.

अडचण अशी की दवाखान्यात बाबांचं बीपी हमखास १६० च्या वर भरतं आणि घरी १३० च्या आत-बाहेर असतं. मागच्या खेपेला दवाखान्यातल्या आकड्यावरून गोळीचा डोस वाढला. मग पहाटे अंथरुणातून उठताना बाबांना गरगरायला लागलं. आईने मोजलं तर १०४/६२. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला फोन लावून डोस पूर्ववत केला, पण तोवरचे दिवस आईने जीव मुठीत धरून काढले.

मोजण्यात कसर नाही. मशीन दंडाला लावायचं आहे, पट्टा बाबांच्या दंडाच्या मापाचा बघून घेतला आहे. सकाळी चहा-गोळीच्या आधी बाबा पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं न बोलता बसतात, मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजतात. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. आई ते कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिते. वर संकष्टी, खाली १३२/७८, कोपऱ्यात नाडी. महिना संपला की त्या पानाचा फोटो मला येतो.

नातेवाईक म्हणतात, ब्लूटूथवालं मशीन घ्या, आकडे आपोआप ॲपमध्ये जातील. घेईनही. पण आकडे माझ्यापर्यंत येतातच की! ते बघून औषध ठरवणारं कुणी नाही, हे खरं दुखणं आहे. ब्रिटनमधल्या टास्मिन-एच-४ चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आले होते. घरच्या मोजणीवरून डॉक्टरांनी औषधं बदलली, त्या रुग्णांचं वरचं बीपी वर्षभराने १३६-१३७ वर आलं. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचं १४० च्या वर राहिलं. आकडे मोबाइलवरून पाठवले की कागदावर लिहून, याने विशेष फरक पडला नाही.

डॉक्टरांना रोज फोटो पाठवणं मलाही प्रशस्त वाटत नाही. ते दिवसभरात किती रुग्ण बघतात ते डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्यापैकी कुणी अशी घडी बसवली आहे का? आकडे कोण बघतं, किती दिवसांनी? फी कशी देता? आणि 'इतक्याच्या खाली गेलं तर लगेच फोन करा' असं डॉक्टरांकडून लिहून घेतलंय का? आईला तेवढा एक कागद मिळाला तरी ती रात्री नीट झोपेल.

प्रतिसाद

आमच्या सासूबाईंचं असंच होतं. आम्ही डॉक्टरांना सरळ विचारलं की महिन्यातून एकदा व्हिडिओवर दाखवलं तर चालेल का, पूर्ण फी देऊ. ते लगेच हो म्हणाले. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार हे रीतसर आहे, संकोच करू नका.

त्यांना महिन्याचे सगळे आकडे देऊ नका. भेटीआधीचे सात दिवस घ्या, पहिला दिवस सोडा, उरलेल्यांची सरासरी एका ओळीत पाठवा. घरच्या मोजणीत १३५/८५ पासून पुढे बीपी जास्त धरतात, पण किडनीच्या रुग्णाचं लक्ष्य डॉक्टरच ठरवतील. बाबांना गरगरतं ना, मग बसून मोजल्यावर उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि ते आकडे वेगळे लिहा. आमच्याकडे डोस कमी झाला तो या आकड्यांवरूनच.

कागद जरूर लिहून घ्या. १८०/१२० च्या वर असेल आणि छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना जीभ अडखळणं यांपैकी काही असेल, तर फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल, हे त्यात ठळक असू द्या.

आणखी एक, घरात 'लो सोडियम' मीठ आणलं असेल तर आजच बाजूला ठेवा. त्यात पोटॅशियम असतं; किडनी कमजोर आणि वर टेल्मिसार्टन चालू, म्हणजे ते रक्तात साठायची भीती. गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही नकोत, त्यांनी बीपीही वाढतं आणि किडनीवरही ताण येतो. बाबा अशी काही गोळी घेतात का, एकदा आईंना विचाराच.