स्टोनहेंजची वेळ खरं तर संध्याकाळची

विक्का हा चेटूक मानणारा आधुनिक पेगन (निसर्गपूजक) पंथ, आणि यूल हा त्यांचा वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाचा, हिवाळ्यातला सण. ‘विक्कांचा यूल हजारो वर्षं जसाच्या तसा चालत आलाय’ असं कुणी म्हणतं, ते काही पटत नाही. यूल हे नाव जुनंच आहे, पण आठ सणांचं त्यांचं वर्षचक्र ब्रिटनमध्ये जुळून आलं ते १९५०च्या दशकात, या पंथाचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आणि त्यांच्या आसपासच्या मंडळींत. तिथला चेटूकविरोधी कायदा १९५१ला रद्द झाला, मगच ही माणसं उघड बोलू लागली.

यूलमधला मला आवडतो तो ओंडका. गेल्या वर्षीच्या ओंडक्याचा जपून ठेवलेला तुकडा पेटवायचा आणि त्यावर यंदाचा शिलगवायचा. फ्लॅटमध्ये कुठली आलीय शेकोटी! मग लाकडाला तीन भोकं पाडून त्यात मेणबत्त्या खोचतात, भोवती हॉली नि आयव्ही या सदाहरित वनस्पतींची पानं.

यूलच्या दिवशी, २१-२२ डिसेंबरच्या पहाटे, इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळापाशी गर्दी कुडकुडत सूर्योदयाची वाट बघते. गंमत म्हणजे त्या दगडांची मांडणी या दिवसातल्या सूर्यास्ताशी जुळते! उगवतीशी जुळतं ते आयर्लंडचं न्यूग्रेंज हे प्राचीन थडगं. तिथं किरण दारावरच्या झरोक्यातून थेट आतल्या दालनात शिरतो.

आणि ऑस्ट्रेलियातले बरेच पेगन यूल जूनमध्ये करतात. त्यांचा हिवाळा तेव्हाच ना.