पुरुमेंताला आणलेल्या सुपातून रवा पडतोय!

वाडीतली_सून, म्हार्दोळ
१२ जुलै, रात्री १०.४०

पडतोय तो रवा नव्हे, हे आता कळलंय. पण पहिल्यापासून सांगते.

मे महिन्यात मनावर घेतलं, की स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिक घालवायचं. निमित्त पिठाच्या डब्याच्या झाकणाचं. बारा वर्षांचं जुनं झाकण, कडेने पांढरं पडून त्याचा चुरा व्हायला लागला होता. तो चुरा आम्ही भाकरीतून किती खाल्ला असेल, देव जाणे. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला (जत्रेला) पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी करायला दरवर्षी जातोच. सुकी सुंगटं (कोळंबी), मिरच्या, सोलं झाली आणि मी बांबूवाल्यांकडे वळले. दोन सुपं, तांदूळ धुवायची रोवळी, कांद्यांसाठी एक मोठी पाटी, शिवाय मातीची तीन कुंडली (कालवणाची भांडी) आणि करटीचे, म्हणजे करवंटीचे, दोन दवले (डाव). घरचे म्हणाले, लग्न आहे की काय कुणाचं!

कुंडल्यांबद्दल तक्रार नाही. एक रात्र पाण्यात बुडवून ठेवली, दुसऱ्या दिवशी त्यांत पेज उकळली, आता त्यातल्या हुमणाला (माशांच्या आमटीला) जी चव येते ती स्टीलच्या टोपात येणार नाही. रडगाणं बांबूचं आहे. जून लागला, पाऊस धरला, आणि तीन आठवड्यांत कांद्याच्या पाटीवर करड्या-पांढऱ्या बुरशीची लव उगवली. एका सुपाखाली सकाळी पिवळसर रवा सांडलेला असायचा. मला वाटलं, आदल्या दिवशीचा. झाडून टाकायचे. मग एका रात्री लाइट गेली, पंखा थांबला, आणि शांततेत सूप कर्र कर्र करताना ऐकू आलं. जिवंत आहे ते!

सासूबाई म्हणतात, त्यांचं लग्नातलं सूप थोरल्याच्या मुंजीपर्यंत चाललं. माझं चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, तरी टिकवायचं कसं?

अजून दोन गोष्टी, एकाच दमात सांगून टाकते. जुन्या सुती साडीचे तुकडे मेणात बुडवून डब्यावर बांधायची फडकी केली होती. तव्यावरची चपाती थेट त्यात गुंडाळली. मेण चपातीला लागलं आणि मुलाने ते च्युइंगमसारखं चघळलं. आणि नुस्ते, म्हणजे मासे! पिशवी नको म्हणून स्टीलचा डबा घेऊन बाजारात गेले, बांगडे घेतले, डबा स्कूटरच्या डिकीत ठेवला. खड्ड्यात झाकण उडालं. पुढचा आठवडाभर गल्लीतली मांजरं माझ्या स्कूटरच्या मागे.

तेव्हा प्लॅस्टिक सोडलेली माणसं पावसाळा कसा काढतात ते सांगा.

*

कुळागरवाला, सावईवेरे
१२ जुलै, रात्री ११.०५

मांजरांवरून हसून घेतलं, माफ करा. जुने डबे टाकले नाहीत ना? आणि एक सांगतो. पापड आणि सुकी सुंगटं पावसात बांबूत ठेवायच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडे ती चिनीमातीच्या बरणीत, झाकण लावून वर फडकं बांधून असतात. बांबू हवा खेळवतो, बरणी हवा अडवते. ज्याला जे हवं त्याला ते.

*

कोयता_आणि_कामटी, सत्तरी
१३ जुलै, सकाळी ६.२०

आमच्या घरात चार पिढ्या हेच काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वहिनी, तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत. पाटीची बुरशी वरवरची, ती जाते. सुपातला रवा भुंग्याचा, आणि तो कामटीच्या, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्टीच्या, आत बसलाय. बांबूत पिठूळ सत्त्व असतं, तांदळात असतं तसंच. भुंगा त्याच्यासाठी येतो. पावसात कोंब फुटतात, त्या दिवसांत आम्ही बेटाला कोयता लावत नाही. दिवाळी झाली, थंडी पडली की तोड. तीन वर्षांवरचाच बांबू घ्यायचा, मग ओहोळात दगडांखाली दोन-तीन आठवडे दाबून ठेवायचा म्हणजे सत्त्व पाण्यात उतरतं. तोड अंधाऱ्या पंधरवड्यात. त्यातलं खरं-खोटं मला विचारू नका, बाबा तसं करायचे म्हणून मीही करतो. फेस्ताच्या गर्दीसाठी जो माल घाईत वळला जातो त्यात कोवळा बांबू असतो. तो हाताला मऊ लागतो, भराभर वळतो, आणि भुंग्यालाही तोच आवडतो.

घेताना कामटी उलटी करून बघा. बांबूची बाहेरची साल ती पाठ, चकचकीत आणि टणक. आतला भाग ते पोट, मऊ आणि पांढुरकं. स्वस्त सुपात पोटाच्या कामट्या जास्त असतात, आणि भुंगा पोटात शिरतो.

आता सासूबाईंच्या सुपाचं गुपित. ते चांगल्या बांबूचं होतंच, पण खरं काम चुलीने केलं. सूप काम झालं की चुलीवरच्या वाशाला टांगलेलं असायचं. रोज दोन वेळा धूर. त्या धुरात ना बुरशी येते ना भुंगा. गॅस आला, धूर गेला. बांबू तोच राहिला, पण त्याचं औषध आपण घराबाहेर काढलं. माझ्याकडे लोक येऊन म्हणतात, पूर्वीसारखी सुपं होत नाहीत. मी म्हणतो, पूर्वीसारखी स्वयंपाकघरं कुठे आहेत?

उपाय. पाटी कोरडी झटका, मग सोडणाचा, म्हणजे नारळाच्या वरच्या सालीचा, कुंचा घेऊन माडाच्या व्हिनेगरने घासा. सुपावर दोन्ही बाजूंनी खळखळतं पाणी ओता. घाबरू नका, भिजतं ठेवलं तर बिघडेल, ओतल्याने नाही. पाणी निथळू द्या. पावसाने उघडीप दिली की उन्हात, नाहीतर पंख्याखाली. पूर्ण सुकल्यावर जुन्या पत्र्याच्या डब्यात सोडणं आणि करटी पेटवा, ज्वाळ मोडून नुसता धूर उरला की सूप हातभर वर धरा किंवा टांगा. अर्धा तास, लागोपाठ तीन संध्याकाळ. डासही पळतील. मग भिंतीला टेकवून न ठेवता दोरीने लोंबतं ठेवा. रोवळी धुतली की पालथी, कधीच उताणी नाही.

सुपाने पाखडायचंच असेल तर फटी बुजवायला शेणाने सारवतात. नको वाटत असेल तर मेथी भिजवून वाटा, त्यात कागदाचा लगदा मिसळा आणि पातळ थर द्या.

*

निवृत्त_मास्तर, पेडणे
१३ जुलै, दुपारी १.१५

सविस्तर माहितीबद्दल सत्तरीकरांचे आभार. एक शंका. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू बुडवतात असे वाचले आहे. ते सोपे नाही का?

वहिनींच्या फडक्याबद्दल. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. तव्यावरची चपाती त्याहून कितीतरी गरम. त्या फडक्यात गार पदार्थच बांधावा आणि ते गार पाण्यानेच धुवावे. कच्ची मासळी त्यात मुळीच नको, कारण गरम पाण्याने धुता येत नाही म्हणजे नीट स्वच्छही होत नाही.

आणि स्पष्ट बोलतो, राग नसावा. जे प्लॅस्टिकचे डबे घरात आहेत ते टाकून बांबू घेतल्याने कचरा कमी झाला की वाढला? चुरा होणारे झाकण टाका, बरोबर. धडधाकट डबा फुटेपर्यंत वापरावा, धान्याला नको तर खिळे-स्क्रूला. पातळ पिशवीचा प्रश्न वेगळा. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीवर देशभर बंदी आहे, तरी परवा भाजीवाल्याने मला कोथिंबीर फुंकरीने उडेल अशा पिशवीत घालून दिली. मी ती परत केली. त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पैसे बुडवतोय.

*

कोयता_आणि_कामटी, सत्तरी
१३ जुलै, रात्री ८.५०

मास्तर, ते द्रावण खांबांना आणि छपराला ठीक. तांदूळ धुवायच्या रोवळीला नको.

*

खारवीण, बेतूल
१४ जुलै, सकाळी ९.३०

नुस्त्याचं मी सांगते, त्यात माझं आयुष्य गेलं. बाय, तुझा डबा चुकला नाही, झाकण चुकलं. कडीचा डबा घे, चार बाजूंनी पकडतो तो. तळाला केळीचं पान, मग नुस्ते, वर परत पान. पान पाणी धरतं आणि वासही कमी सुटतो. डबा उभ्या कापडी पिशवीत, आणि पिशवी डिकीत नाही, पायापाशी. बाजारात कापून घेऊ नकोस, अख्खं आण. कापलं की रक्त सुटतं आणि तेच सांडतं. घरी कापायला वेळ नसेल तर बांगड्याऐवजी दुसरं काही खा, पण वेळ काढ.

डब्याच्या वासाला साबण पुरत नाही. बिंबली (ते आंबट फळ) चिरून चोळ, पाच मिनिटं ठेव, धू. डिकीलाही तेच कर.

माझी सासू पांटलो, म्हणजे टोपली, डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. तेव्हा नुस्ते सागाच्या पानात बांधून द्यायचे, गिऱ्हाईक पान गाईला घालायचं. मी मात्र पिशवीच देते. मी पान दिलं तर गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं. तुम्ही डबा आणा, मी दोन बांगडे जास्त घालीन.

*

वाडीतली_सून, म्हार्दोळ
२ ऑगस्ट, रात्री ९.५५

सगळ्यांना देव बरें करूं.

पाटीची बुरशी व्हिनेगरने गेली, परत आलेली नाही. दोनपैकी एक सूप वाचलं. रवावालं नाही वाचलं. पाणी ओतलं, धूर दिला, चार दिवस गप्प राहिलं आणि पाचव्या रात्री परत कर्र. शेवटी त्याचीच सोडणांबरोबर धुणी केली आणि त्याच्या धुरावर रोवळी धरली. धुरासाठी मागच्या दारी डबा पेटवला तेव्हा शेजारच्या काकी धावत आल्या, काय जळतंय म्हणून. आता त्यांचंही सूप दर शनिवारी आमच्या डब्यावर असतं.

बिंबलीने डिकी स्वच्छ झाली. मांजरं अजून येतात, पण ती बहुधा सवयीने.

मास्तर, राग आला होता, दोन दिवस होता. मग कळलं की मी भंगारात काढलेले सोळाही डबे सासूबाईंनी भंगारवाल्याला दिलेच नव्हते, माळ्यावर लपवले होते. तुमचा निरोप वाचून दाखवला तेव्हा त्यांनीच शिडी मागितली. धडधाकट नऊ निघाले. एकात शिवणाचं सामान, एकात पणत्या, बाकीच्यांत काय ठेवायचं यावर चर्चा चालू आहे. चुरा होणारं झाकण गेलं.

पोदेरासाठी, म्हणजे पाववाल्यासाठी, फाटकाला कापडी पिशवी टांगते, ती पावसात भिजते आणि पोई (पाव) ओली होते. त्याला म्हटलं, दारात आणून दे. तो म्हणाला, बाय, दीडशे घरं आहेत. त्याच्या पाटीवर निळी प्लॅस्टिकची चादर असते, आणि या पावसात त्याला मी काय बोलणार? आता हॉर्न ऐकला की मी छत्री घेऊन पळते.

सत्तरीकर भाऊ, चवथ आली. आमची माटोळी, गणपतीच्या वर टांगायची ती फळा-पानांची चौकट, गेली काही वर्षं नायलॉनच्या दोरीने बांधतात. वर कवंडळं, आंबाडे, तोरिंगं, सुपारीची शिपटी, सगळं रानातलं आणि मधून निळी दोरी लोंबते. सासरे म्हणतात, नारळाची पेंड (घड) पेलायला दुसरं काही पुरत नाही. खरं का?

*

कोयता_आणि_कामटी, सत्तरी
३ ऑगस्ट, सकाळी ६.१०

कुमयाच्या सालीचा दोर पुरतो. कुमयो म्हणजे मराठीतला कुंभा. फांदीची साल सोला, खोडाची ओरबाडू नका, झाड मरतं. पट्ट्या ओल्या असतानाच बांधायच्या, सुकल्या की गाठ आवळून बसते. आमच्याकडे नारळाची पेंड त्यावरच लटकते. सासऱ्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी नायलॉन कुठे होतं?

नवं सूप थंडी पडल्यावर घ्या, आता वळलेलं नको. आणि एक सांगून ठेवतो. चवथीचं वजं (लेकीच्या सासरी जाणारी भेट) आणि वायनाचं (वाणाचं) सूप आमच्या हातचं असायचं, त्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. पण आजोबांना त्याचे पैसे अंगणाच्या कडेला ठेवून मिळायचे, हातात नाही. आता लोक हातात देतात, पण पन्नास रुपयांसाठी तासभर वाद घालतात. एक सूप वळायला माझा दिवस जातो.

*

वाडीतली_सून, म्हार्दोळ
३ ऑगस्ट, सकाळी ७.०२

सासऱ्यांना विचारलं. जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, कुमयो आपल्या डोंगरावर आहे, रविवारी जातो. सुपासाठी डिसेंबरात सत्तरीच्या बाजारात येईन. सासूबाई आत्तापासून विचारतायत, कितीला देतील. म्हटलं, ते सांगतील तितक्याला.