मदत हवी आहे: नव्या गाडीतली बटणं आणि स्क्रीन, चालवताना कशाला हात लावावा?

रानपाखरू:
नमस्कार मंडळी. आमच्याकडची जुनी गाडी गेली आणि नवीन ऑटोमॅटिक आली. चालवणारे बाबा. हात उत्तम बसलेला आहे, त्याबद्दल वादच नाही. पण जुन्या गाडीत एसीचे तीन गोल खटके होते आणि ते न बघता फिरायचे. नव्या गाडीत एसीसकट सगळं स्क्रीनच्या पोटात गेलंय. ब्लोअर एक घर कमी करायचा तरी बाबा चष्मा नाकावर सरकवून स्क्रीनकडे बघतात आणि इकडे मी शेजारी बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबत असते.

मॅन्युअल चाळून झालंय. तरी काही गोष्टी डोक्यात बसत नाहीत:

१. पावसात समोरची काच धुरकट होते. कधी एसी लावला की साफ होते, कधी एसी लावल्यावर जास्तच बिघडते. नक्की काय करायचं?
२. भाचा चार वर्षांचा आहे, मागे बसतो. काचेत काही अडकलं तर काच आपोआप खाली येते असं गाडी ताब्यात घेताना सांगितलं होतं. हे चारही काचांना लागू असतं का?
३. दिवे कायम 'ऑटो'वर ठेवले तर चालतं का?
४. ऑटो होल्ड आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक यात फरक काय? सिग्नलला बाबा ब्रेकवरून पाय काढून निवांत बसतात, मला ते बघवत नाही.
५. आणि त्या स्क्रीनचं काय करू?

'बाबांना चालवू देऊ नका' हा सल्ला कृपया नको.

बिनक्लचचा:
पाचपैकी तीन उत्तरं त्या चाळलेल्या पानांत आहेत, ताई. सावकाश वाचा.

तिसरा गिअर:
पाचव्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चार गोष्टी बिघडल्या तर निदान कळतं तरी. स्क्रीनकडे बघताना काय निसटलं ते कळतच नाही.

साधा हिशेब. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दोन सेकंद नजर खाली गेली की ३३ मीटर रस्ता न बघता गेला. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने, म्हणजे एनएचटीएसएने, २०१३ मध्ये गाडी बनवणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात हीच मर्यादा आहे: एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि अख्खं काम मिळून बारा सेकंदांत उरकावं. ब्लोअर कमी करायला तीन पानं उघडावी लागत असतील तर ते काम चालत्या गाडीतलं नाहीच.

आता करायचं काय? गाडी उभी असताना बाबांना ड्रायव्हर सीटवर बसवा आणि डोळे मिटून एकेक गोष्ट शोधायला सांगा. वायपरचा वेग, काचेवर पाणी मारणं, इंडिकेटर, हॅझार्ड (चारी इंडिकेटर एकदम), हॉर्न, समोरच्या काचेवर हवा सोडायचं बटण, आवाज कमी करायचं बटण. जे डोळे मिटून सापडलं ते चालवताना वापरायचं. जे सापडलं नाही ते गाडी उभी असताना, नाहीतर शेजारच्याने. शेजारी तुम्ही असताच, मग स्क्रीनचं खातं तुमच्याकडे घ्या. नकाशात पत्ता घालणं, फोन जोडणं, गाणी शोधणं ही कामं तर निघायच्या आधीच उरकायची.

एसीला 'ऑटो' असेल तर २४-२५ अंशावर ठेवून द्या. ब्लोअर तो स्वतःच कमीजास्त करतो, त्यामुळे निम्म्या वेळा हात लावायची गरजच उरत नाही. स्टीअरिंगवर तारा काढलेलं एखादं बटण आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत त्याला आपल्या पसंतीचं काम लावून देता येतं.

ही तक्रार तुमच्या एकटीची नाही. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासूनच्या गुणांकनात इंडिकेटर, हॅझार्ड, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदत यांना हाताला लागतील अशी वेगळी बटणं किंवा दांड्या असण्याला वजन दिलं आहे.

रानपाखरू:
डोळे मिटून शोधायचं आवडलं. बाबांना परीक्षा म्हटली की चेव येतो.

ओलाचिंब:
काचेचं मी सांगतो.

आधी एक बोट काचेवर आतून फिरवा. रेघ उमटली तर वाफ आतून आहे. नाही उमटली तर बाहेरून. दोन्हींचा उपाय उलटा आहे आणि 'कधी साफ होते, कधी बिघडते' याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आतून असेल तर: हवा समोरच्या काचेकडे, एसी चालू, तापमान वाढवलेलं, ब्लोअर मोठा आणि हवा बाहेरून घ्यायची. गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असतो ते आतलीच हवा फिरवायचं बटण. तो दिवा बंद हवा. एसी आणि गरम हवा एकत्र कशाला, असं अनेकांना वाटतं. एसीची थंड जाळी हवेतलं पाणी काढून घेते आणि ती कोरडी हवा गरम होऊन काचेवर गेली की वाफ झपाट्याने उडते. समोरच्या काचेचं, खाली तीन नागमोडी बाण असलेलं बटण दाबलं की बहुतेक गाड्यांत यातलं बरंचसं आपोआप होतं. बाबांना हे एक बटण चाचपून सापडलं तरी पुष्कळ.

बाहेरून असेल तर: बाहेर उबदार, दमट हवा आणि तुम्ही आतून काच गार करून ठेवलेली. तेव्हा वायपर एकदा फिरवा, हवा काचेवरून काढून अंगाकडे वळवा, तापमान दोन-तीन अंश वाढवा. इथे काचेवर आणखी गार हवा मारली की आणखी दव धरतं. तुमचं 'एसी लावल्यावर जास्त बिघडते' ते बहुधा हेच.

अजून एक गंमत बघा. एसी बराच वेळ चालल्यावर बंद केला आणि ब्लोअर चालूच ठेवला, तर त्या जाळीवर जमलेलं पाणी परत हवेत येतं आणि काही सेकंदांत सगळी काच पांढरी. म्हणून पावसात 'थंडी वाजते' म्हणून एसी बंद करू नका, तापमान वाढवा.

आणि पायाखालची मॅट ओली, मागे ओली छत्री, चारजण भिजलेले असतील तर बटणं काय करणार? मॅट वाळवा. काचेला आतून एक चिकट थर धरतो, नव्या गाडीत प्लॅस्टिकच्या वाफांनी तर लवकरच. त्यावर वाफ पटकन बसते. स्वच्छ सुती कापडाने आतली काच नीट पुसली की फरक लगेच दिसतो. चालवता चालवता हाताने पुसू नका, रात्री समोरच्या दिव्यात त्याच रेघा डोळ्यावर येतात.

रानपाखरू:
आत्ता कळलं. दोन्ही प्रकार होत होते आणि आम्ही दोन्हीला एकच औषध देत होतो.

खिडकीपाशी:
भाच्याच्या प्रश्नाला थोडं सविस्तर, कारण इथे गैरसमज फार आहेत.

काच अडथळा लागल्यावर उलटी फिरते ती सोय बहुतेक वेळा एका दाबात पूर्ण वर जाणाऱ्या काचेलाच असते. बऱ्याच गाड्यांत ती फक्त ड्रायव्हरची. बाकीच्या तीन काचा बटण ओढून धरलं की वर जातात आणि मध्ये काय आहे ते बघत नाहीत. तुमच्या गाडीत कुठल्या काचांना आहे ते मॅन्युअलमध्ये स्पष्ट दिलेलं असतं, तेवढं पान नक्की काढा.

आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. वाहनांच्या नियमांत अशा काचेचा जोर १०० न्यूटनच्या आत राहिला पाहिजे असं आहे, म्हणजे ढोबळमानाने दहा किलो वजनाचा दाब. आणि ही चाचणी ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीसाठी. अगदी वरच्या शेवटच्या ४ मिलिमीटरमध्ये लहान बोटाचं टोक येऊ शकतं. चाचणी घ्यायचीच असेल तर गुंडाळलेल्या टॉवेलवर घ्या, हातावर कधीच नाही. बॅटरी काढून लावल्यावर बऱ्याच गाड्यांत ही सोय विसरली जाते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवलं की परत शिकते, पण पद्धत गाडीगणिक बदलते.

ड्रायव्हरच्या दारावर काचेच्या चित्रावर फुली असलेलं बटण असतं. ते दाबलं की मागची बटणं मुकी. भाचा गाडीत असला की ते दाबलेलंच असू द्या. दाराचं चाइल्ड लॉक ही वेगळी गोष्ट आहे. ती मागचं दार उघडल्यावर कडेला दिसणारी छोटी खिट्टी, तिने दार आतून उघडत नाही. एक लावलं म्हणजे दुसरं लागत नाही.

राहिली किल्ली. काही गाड्यांत रिमोटचं बटण दाबून धरलं की सगळ्या काचा वर जातात. काचा नजरेसमोर असल्याशिवाय ते वापरू नये. आणि बटण-स्टार्ट गाडीत किल्ली आत ठेवून मुलाला 'दोन मिनिटं' एकटं सोडू नका. उन्हात बंद गाडी पहिल्या दहा मिनिटांतच बाहेरच्यापेक्षा दहा-एक अंशांनी जास्त तापते, काच थोडी खाली ठेवूनही फारसा फरक पडत नाही.

वाटसरू२:
दिवे 'ऑटो'वर ठेवा, पण विसरू नका. तो सेन्सर उजेड मोजतो, धुकं नाही. भर दिवसा दाट धुक्यात किंवा मुसळधार पावसात त्याच्या लेखी लख्ख उजेड असतो. पुढे दिवसाचे पांढरे दिवे पेटलेले, डॅशबोर्डही उजळलेला, म्हणून आपल्याला वाटतं दिवे चालू आहेत. मागे मात्र कित्येक गाड्यांत पूर्ण अंधार. अशा हवेत खटका स्वतः फिरवून डिपर, म्हणजे खाली पडणारा हेडलाइट, चालू करायचा. हायबीम नको, धुक्यावर आपटून प्रकाश आपल्याच डोळ्यात येतो. मागचा लाल फॉग लॅम्प असेल तर धुकं विरल्यावर आठवणीने बंद करा, मागच्याला तो रात्री फार टोचतो.

आणि पावसात चारी इंडिकेटर लावून पळायची जी फॅशन आहे ती नको. लेन बदलताना तुमचा इंडिकेटर कुणाला कळणार?

बिनक्लचचा:
इथे मी असहमत. समोरचं काहीच दिसत नसताना हॅझार्ड लावलेली गाडी लांबून दिसते, स्वानुभव आहे.

वाटसरू२:
दिसते, पण उभी आहे की चालली आहे ते कळत नाही. मागचे दिवे आणि फॉग लॅम्प त्याचसाठी असतात. काहीच दिसत नसेल तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला सुरक्षित जागी थांबा आणि मग हॅझार्ड लावा. पुढे अचानक गाड्या तुंबलेल्या दिसल्या तर मागच्यांना सावध करायला काही क्षण लावणं मला मान्य आहे.

तिसरा गिअर:
ऑटो होल्ड राहिलं. तुम्ही पूर्ण थांबलात की ते ब्रेकचा दाब तसाच धरून ठेवतं आणि अॅक्सिलरेटरला पाय लागला की सोडतं. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक मोटरने मागची चाकं आवळतो, तो गाडी उभी करून जाण्यासाठी. म्हणजे सिग्नलला बाबा निवांत बसतात ते चूक नाही, पण गाडी 'डी'मध्येच, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्येच आहे. पाण्याची बाटली उचलायला वाकले आणि पाय पॅडलला लागला की निघाली. पाय ब्रेकवर नसला तरी ब्रेकच्या समोर असू द्या. होल्ड खरंच लागलंय का ते डॅशबोर्डवरच्या दिव्यावरून कळतं, तो बघूनच पाय काढायचा.

उतरताना 'पी' (पार्किंगचा गिअर), हँडब्रेक, मग बंद, हा क्रम सोडू नका. पट्टा सोडला किंवा दार उघडलं की काही गाड्या आपण होऊन हँडब्रेक लावतात, पण त्या भरवशावर उतरायचं नसतं. इंचाइंचाने गाडी लावताना होल्ड बंद ठेवलेलं बरं, नाहीतर गाडी धरते आणि आपण जास्त अॅक्सिलरेटर देतो.

रानपाखरू:
ही गोष्ट बाबांना वाचून दाखवली. 'डी'मध्ये आहे हे त्यांना माहीत होतं म्हणे. बाटली मात्र आता दाराच्या कप्प्यात गेली.

आणखी एक. सीट आणि स्टीअरिंग ते चालताना सरकवतात, कंबर दुखते म्हणून.

खिडकीपाशी:
हे मात्र बंद करा. चालत्या गाडीत सीट सरकली की पाय पॅडलपासून लांब जातो, आणि स्टीअरिंगची खालची खिट्टी सोडली की चाकच हातात हलतं. निघण्याआधी बसवा: छातीचं हाड ते स्टीअरिंगचा मध्य निदान २५ सेंटिमीटर, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला, हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या टोकाच्या पातळीला. आरसे त्यानंतर. सीटला मेमरीची १-२ बटणं असतील तर बाबांची जागा साठवून टाका. कंबरेसाठी मध्ये मध्ये थांबून उतरणं हाच उपाय.

ओलाचिंब:
आणि बटण-स्टार्टबद्दल एक गोष्ट आधीच वाचून ठेवा: चालत्या गाडीत इंजिन बंद करायची वेळ आली तर काय. बहुतेक गाड्यांत नुसतं दाबून काही होत नाही, दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं किंवा पटापट दाबावं लागतं. बंद झाल्यावर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते, म्हणून ब्रेक पंप करायचा नाही, एकदाच घट्ट दाबून धरायचा.

रानपाखरू:
सगळ्यांचे आभार. स्टीअरिंगवरच्या ताऱ्याच्या बटणाला आवाज बंद करायचं काम लावलं. शेवटचा बारीक प्रश्न: मागच्या काचेच्या तारांचं बटण दाबलं की थोड्या वेळाने आपोआप बंद होतं. बिघाड आहे का?

वाटसरू२:
नाही. त्या तारा बरीच वीज खातात म्हणून टायमर असतो, साधारण दहा-पंधरा मिनिटांचा. वाफ राहिली तर परत दाबा. फक्त ती काच आतून पुसताना तारांच्या दिशेने आडवी पुसा आणि काही खरवडू नका, एक तार तुटली की तेवढी पट्टी कायमची धुरकट राहते.