शब्दचर्चा : ‘थिऑलॉजियन’ला धर्मगुरू म्हणावे का?

प्रश्न

नमस्कार. विसाव्या शतकातील ख्रिस्ती विचारवंतांवरील काही लेखांचा मी मराठी अनुवाद करीत आहे. स्विस विचारवंत हान्स क्युंग यांच्यावरील लेखातल्या एका वाक्याचा आशय असा आहे की, १९७९ नंतर ते कॅथलिक ‘थिऑलॉजियन’ (ईश्वर आणि श्रद्धा यांचा पद्धतशीर अभ्यास करणारे विद्वान) राहिले नाहीत. मात्र प्रीस्ट राहिले आणि प्रोफेसरही राहिले. मी आधी ‘ते कॅथलिक धर्मगुरू राहिले नाहीत, परंतु धर्मगुरू राहिले’ असे लिहिले आणि वाचून पाहताच खोडले. धर्मशास्त्री, धर्मशास्त्रज्ञ, धर्मपंडित, ब्रह्मज्ञानी आणि ईश्वरविज्ञानी असे पाच शब्द वहीत उतरवून ठेवले आहेत, पण त्यांतला एकही निःशंकपणे वापरता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपले खोडलेले वाक्य जपून ठेवा, कारण अडचण नेमकी कोठे आहे ते त्यातच दिसते. क्युंग यांची तीन नाती होती आणि त्यांपैकी एकच तुटले. पहिले नाते गुरुदीक्षेचे, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या दीक्षेचे, जी त्यांना १९५४ साली मिळाली. दुसरे विद्यापीठाशी असलेले. १९६० साली ते जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि ते सरकारी विद्यापीठ असल्यामुळे त्यांचा पगार सरकारी तिजोरीतून येत असे. तिसरे नाते कॅथलिक चर्चने दिलेल्या अध्यापनाच्या अधिकाराचे. जर्मनीत कॅथलिक विद्याशाखेत शिकवायचे तर विद्यापीठाची नेमणूक पुरत नाही, बिशपांची संमतीही लागते. या अधिकाराला लॅटिनमध्ये ‘मिसिओ कॅनोनिका’ म्हणतात. ‘मिसिओ’चा मूळ अर्थ पाठवणे असा आहे, पण मराठीत ‘पाठवणी’ म्हटले की लग्नघर डोळ्यांसमोर येते, म्हणून मी त्यासाठी ‘अध्यापनाची अनुज्ञा’ असे लिहितो.

पोप विशिष्ट अटींच्या चौकटीत श्रद्धेविषयी निर्णय देतात तेव्हा त्यांची चूक होऊ शकत नाही, या सिद्धान्ताला क्युंग यांनी १९७० साली एका पुस्तकातून जाहीर आव्हान दिले. पुढे वाद वाढत गेला आणि डिसेंबर १९७९ मध्ये रोमने, म्हणजे पोपच्या दरबाराने, जाहीर केले की, त्यांना यापुढे कॅथलिक ‘थिऑलॉजियन’ मानता येणार नाही आणि त्या नात्याने त्यांना शिकवताही येणार नाही. अनुज्ञा गेली. पण विद्यापीठाने त्यांना काढले नाही. त्यांची संशोधन संस्था कॅथलिक विद्याशाखेतून बाहेर काढून थेट विद्यापीठाच्या अखत्यारीत आणली, आणि १९९६ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवीत राहिले. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचे धर्मगुरुपद कायम होते. म्हणजे गुरुदीक्षा शाबूत, नोकरी शाबूत, आणि जे गेले त्यालाच आपल्याकडे रुळलेला शब्द नाही. आपली वर्तमानपत्रे अशा प्रत्येक व्यक्तीला सरसकट ‘धर्मगुरू’ म्हणतात, तेव्हा ही सगळी गोष्ट वाचकापर्यंत पोहोचतच नाही. हे मला मनापासून खटकते.

आपल्या भाषेत या विषयासाठी एक शब्द मात्र फार पूर्वीपासून तयार आहे, तो म्हणजे ‘पीठ’. ग्रीक ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन. बिशपांचे आसन ज्या मंदिरात असते ते कॅथेड्रल, आणि मध्ययुगीन विद्यापीठांत अध्यापकाच्या आसनालाही तोच शब्द होता. १२५६ साली पॅरिसमध्ये अध्यापकपद मिळालेल्या थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंताने बिशपांचे आसन आणि अध्यापकाचे आसन यांत स्पष्ट भेद केला आहे. मराठीतही शंकराचार्यांचे पीठ असते, न्यायपीठ असते आणि विद्यापीठही असते. विद्यापीठात एखाद्या विषयासाठी स्थापन केलेल्या पदाला आपण ‘अध्यासन’ म्हणतो, तेही बसण्यावरूनच आले आहे. खरा प्रश्न त्या आसनावर कोण बसवतो हा आहे. बिशपांना अभिषेकाने अधिकार मिळतो. अध्यापकाला तो विद्येने मिळतो, आणि ती विद्या इतर अध्यापकांनी पारखलेली असावी लागते. ‘थिऑलॉजियन’ या दोन पीठांच्या मध्ये उभा असतो.

तो मध्येच का उभा राहिला, एका बाजूला का सरकला नाही, याचे मला सर्वांत पटणारे उत्तर जर्मन प्रॉटेस्टंट विचारवंत श्लायरमाखर यांनी दिले आहे. १८१० साली बर्लिन विद्यापीठ सुरू झाले तेव्हा, केवळ बुद्धीच्या कसोटीवर चालणाऱ्या नव्या विद्यापीठात या विषयाला जागा असावी काय, हा प्रश्न खराखुरा होता. त्यांचे म्हणणे असे की, या विषयातील हिब्रू आणि ग्रीक भाषा, चर्चचा इतिहास, तात्त्विक चर्चा हे सर्व सुटे सुटे भाग भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान या विभागांत सहज वाटून टाकता येतील. त्यांना एका विषयात बांधून ठेवते ती चर्चला जाणते नेतृत्व पुरवण्याची गरज, जशी आजाऱ्याला बरे करण्याची गरज वैद्यकाच्या निरनिराळ्या शाखांना एकत्र बांधते. चर्च वजा केले तर विषय विस्कटतो, विद्यापीठ वजा केले तर विद्येची पारख होत नाही. आपण शोधत असलेल्या शब्दाला हे दोन्ही पेलता आले पाहिजे.

आता आपल्या वहीतील शब्दांकडे येतो.

‘धर्मशास्त्री’ हा शब्द दिसायला योग्य आहे, पण मराठीत ‘धर्मशास्त्र’ या शब्दाचा अर्थ आधीच ठरून गेलेला आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ज्याचा पाच खंडांत इतिहास लिहिला, ते हे शास्त्र: आचार, व्यवहार, प्रायश्चित्त. वारसा कोणाला, सुतक किती दिवसांचे, असे प्रश्न धर्मशास्त्र्याला विचारायचे. ईश्वराच्या स्वरूपाचा विचार हा त्याचा मुख्य विषय नव्हे. शिवाय ख्रिस्ती मराठी वाचकाच्या कानात ‘शास्त्री’ शब्दाचा वेगळाच पडसाद उमटतो. मराठी बायबलात ‘शास्त्री व परूशी’ ही जोडी वारंवार येते, आणि मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू त्यांचा कठोर शब्दांत धिक्कार करतो. ज्याने लहानपणापासून ती वचने ऐकली आहेत, त्याला आपल्या सेमिनरीतील (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातील) गुरुजनांना शास्त्री म्हणणे जड जाते. (तरीही एक नाव येथे आठवतेच. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले मराठी पंडित १८४८ साली ख्रिस्ती झाले, पुढे अँग्लिकन धर्मगुरू झाले, आणि षड्दर्शनांशी त्यांनी जो वाद घातला तो शास्त्र्याच्याच तयारीने घातला. नेहेम्या हे नवे नाव घेतल्यावरही लोकांनी त्यांच्या नावातील ‘शास्त्री’ पुसले नाही.)

‘धर्मशास्त्रज्ञ’ शब्दाला वरची अडचण लागू होतेच. ‘ब्रह्मज्ञानी’ तर सोडूनच द्या. तो अनुभवाने पोहोचलेल्या पुरुषाला म्हणतात, परीक्षा घेणाऱ्या प्राध्यापकाला नव्हे. गंमत अशी की ग्रीक शब्दाचा एक जुना अर्थ याच्या जवळ जातो. पूर्वेकडील चर्चने ‘थिओलोगोस’ ही उपाधी शुभवर्तमानकार योहान, नाझियान्झसचे ग्रेगरी आणि ‘नवे’ म्हणून ओळखले जाणारे सिमेऑन अशा मोजक्याच व्यक्तींना दिली, आणि तेथे प्रार्थना हीच विद्या मानली गेली. आपल्याकडे संतकवी आणि पंतकवी असा भेद करतात. त्या भाषेत बोलायचे तर पूर्वेचा ‘थिओलोगोस’ संतांच्या पंगतीत बसतो आणि पॅरिसचा किंवा ट्युबिंगेनचा पंतांच्या. त्यामुळे ‘धर्मपंडित’ अर्थाला बराच जवळचा आहे, पण कोणत्याही धर्माच्या कोणत्याही विद्वानाला तो लागतो आणि विषयाचे नाव त्यातून मिळत नाही.

राहिला ‘ईश्वरविज्ञानी’. याला एक आक्षेप मीच घेतो. विद्याशाखेच्या नावात मराठी सहसा ‘शास्त्र’ वापरते आणि हिंदी ‘विज्ञान’. आपण मानसशास्त्र म्हणतो, हिंदीत मनोविज्ञान म्हणतात. त्या न्यायाने ‘ईश्वरशास्त्र’ अधिक मराठी झाले असते. परंतु मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आणि सेमिनरींत ‘ईश्वरविज्ञान’ हाच शब्द लोक लिहितात व बोलतात, आणि ज्यांचे आयुष्य एखाद्या विषयात गेले त्यांनी ठेवलेले नाव बाहेरच्याने बदलू नये असे माझे मत आहे. म्हणून विषयाला ईश्वरविज्ञान, व्यक्तीला ईश्वरविज्ञानी. आणि जेथे पदाचाच प्रश्न आहे तेथे ‘ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक’ असे फोड करून लिहावे.

वसईहून एक प्रतिसाद

वरील विवेचन आवडले, एक पुरवणी जोडतो. आमच्याकडे कॅथलिक लेखनात ‘ईशज्ञान’ हा शब्दही आढळतो, आणि ‘चर्च’साठी आम्ही ‘ख्रिस्तसभा’ म्हणतो, ‘मंडळी’ नव्हे. ‘ज्ञान’ शब्दात मला एक उणीव जाणवते ती अशी की, ज्ञान मिळाले की मिळाले. त्यात तपासणे, वाद करणे आणि चुकीची दुरुस्ती करणे येत नाही, आणि विद्यापीठातल्या अभ्यासकाचे तर तेच रोजचे काम आहे.

दुसरे असे की, आपल्याला शब्द का सापडत नाही याचे कारण आपल्या विद्यापीठांच्या इतिहासात आहे. १८५७ साली कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि त्यांत या विषयाची विद्याशाखा ठेवली नाही. पदव्या देण्याचे काम सेरामपूर महाविद्यालयाकडे गेले. ते १८१८ साली स्थापन झाले, आणि सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असल्याने १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्याला सनद दिली. पुण्यातच पाहा: नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठ मूळचे श्रीलंकेतील कँडीचे, १९५५ साली येथे आले, बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळहून १९८३ साली आली. आपल्या शहरांत या विषयाचे अध्यापक अनेक पिढ्यांपासून आहेत, पण ते सेमिनरीच्या आवारात राहिले आणि त्यांतले बहुतेक धर्मगुरुपदाची दीक्षा घेतलेलेही होते. ‘फादर’ किंवा ‘पाद्रीसाहेब’ म्हटले की काम भागत होते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. आपल्या उत्तरांमुळे मला एक प्रसंग आठवला, तो येथे सांगते. माझ्या ओळखीच्या एक बाई सेमिनरीत हिब्रू आणि जुना करार शिकवतात. त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतलेली नाही. एका गावच्या मंडळीने त्यांना रविवारी संदेश देण्यासाठी बोलावले होते. दाराशी काळ्या फळ्यावर खडूने ‘आजचा संदेश : पाळक’ (पाळक म्हणजे मंडळीचे धर्मगुरू) असे नेहमीप्रमाणे लिहिलेले होते. त्या आल्यावर कोणीतरी ओल्या फडक्याने ‘पाळक’ पुसले, थोडा वेळ खडू हातात धरून उभे राहिले, आणि शेवटी ‘मॅडम’ असे लिहिले. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायावर त्या पाऊण तास बोलल्या, मूळ शब्दांचे अर्थ उलगडून दाखवले, आणि शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायाही हललेल्या नव्हत्या. फळ्यावर मात्र त्यांच्या विद्येला शब्द मिळाला नाही. आता प्रश्न असा की, ‘ईश्वरविज्ञानी’ स्त्रीलाही म्हणता येईल ना?

उत्तर

निःसंशय म्हणता येईल. ‘त्या ईश्वरविज्ञानी आहेत’ हे ‘त्या ज्ञानी आहेत’ इतकेच सहज वाचले जाते. शास्त्री आणि पाळक या शब्दांना मराठीत रुळलेले स्त्रीलिंगी रूप नाही, आणि ‘पंडिता’ म्हटले की मराठी माणसाला एकाच रमाबाई आठवतात. हा मुद्दा केवळ व्याकरणाचा नाही. विद्यापीठातील पद विद्येवर मिळत असल्याने, ज्या चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा नाही तेथेही ते त्यांना मिळू शकले. उटा रांके-हाइनेमान या १९७० साली जर्मनीत कॅथलिक ईश्वरविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या, असे पद मिळवणाऱ्या जगातील पहिल्या स्त्री. १९८७ साली त्यांचीही अनुज्ञा गेली, आणि त्यांनाही विद्यापीठाने चर्चच्या संमतीची गरज नसलेले दुसरे अध्यासन दिले.

वसईच्या मित्रांनी ‘ज्ञान’ शब्दाविषयी काढलेली शंका मला मान्य आहे, आणि ‘विज्ञान’ शब्दाच्या बाजूने माझ्याकडे त्याहून चांगला युक्तिवाद नव्हता. कॅथलिक वाचकांसाठी लिहिताना ‘ख्रिस्तसभा’ अवश्य वापरावे.

शब्द पारखायचा तर उलट बाजूच्या उदाहरणावरही घासून पाहावा, म्हणून स्विस प्रॉटेस्टंट विचारवंत कार्ल बार्थ यांचे उदाहरण देतो. स्वित्झर्लंडमधील साफेनविल गावी ते दहा वर्षे पाळक होते. १९२१ साली डॉक्टरेट नसतानाही त्यांना ग्योटिंगेन विद्यापीठात बोलावणे आले. बॉन विद्यापीठात असताना हिटलरच्या निष्ठेची बिनशर्त शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला, आणि १९३५ साली सरकारने त्यांचे पद काढून घेतले. ते बाझेलला गेले व तेथे लिहीत, शिकवीत राहिले. येथे अध्यासन सरकारने काढले, क्युंग यांच्या वेळी अनुज्ञा चर्चने काढली. ‘बॉनचे प्राध्यापकपद गेले, तरी बार्थ ईश्वरविज्ञानी राहिले’ हे वाक्य मराठीत नीट उभे राहते. त्या जागी ‘धर्मगुरू’ घालून पाहा, म्हणजे ते कसे कोसळते ते कळेल.

आपले मूळ वाक्य मी असे लिहीन: ‘१९७९ साली रोमने हान्स क्युंग यांची कॅथलिक ईश्वरविज्ञानी म्हणून शिकवण्याची अनुज्ञा काढून घेतली, ते धर्मगुरू राहिले आणि ट्युबिंगेन विद्यापीठाचे प्राध्यापकही राहिले.’

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

वाक्य घेतले. एकच शंका उरते: निर्णय रोमने जाहीर केला, पण अनुज्ञा देणे आणि काढणे हे तेथील बिशपांचे काम असेल, तर ‘रोमने’ म्हणणे बरोबर ठरेल का?

उत्तर

आपले म्हणणे बरोबर आहे, माझी नजर चुकली. ‘रोमने’च्या जागी ‘चर्चने’ करा.